घरात बायपोलर असेल तर मुलांसाठी आधीपासून काय करायचं: बडोद्यातल्या कुटुंबांसाठी चार महिन्यांचा आराखडा

आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला बायपोलर आजार (मूड काही काळ फार वर चढतो, काही काळ उदासीत फार खाली जातो) आहे, आणि घरातल्या नऊ ते सतरा वर्षांच्या मुलाचा मूड गेले काही महिने विचित्र वर-खाली होतोय. अशा घरांसाठी हे लिहिलं आहे. आजी, काका, मामा, आत्या यांपैकी कुणाला आजार असला तरी हेच लागू पडतं. निदानाचा शिक्का बसेपर्यंत वाट बघू नका. घरच्यांच्या हातात सगळ्यात जास्त असतं ते शिक्का बसण्याआधीच्या काळात.

आधी आकडा समजून घ्या, म्हणजे विनाकारण घाबरायला होणार नाही. आई-वडिलांपैकी एकाला बायपोलर असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के धरतात. एरवी ती १ टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे धोका खरोखर वाढलेला आहे, पण अशा घरांतल्या बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. दोन्ही गोष्टी मुलाला एकाच वेळी सांगायच्या. अर्धीच सांगितली तर एक तर मूल धास्तावतं, नाही तर ‘मला काय होतंय’ म्हणून झोपेचे नियम उडवून लावतं.

पुढे दिलेल्या आराखड्यामागची पद्धत, म्हणजे सगळ्या घराला एकत्र बसवून आजाराची माहिती, बोलण्याचा सराव आणि प्रश्न सोडवणं, हिला फॅमिली-फोकस्ड थेरपी म्हणतात. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली. धोका असलेल्या ९ ते १७ वर्षांच्या १२७ मुलांवर अमेरिकेत तीन ठिकाणी तिची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. एका गटाला चार महिन्यांत १२ कौटुंबिक बैठका मिळाल्या, दुसऱ्याला त्याच काळात ६ साध्या बैठका. हातातला त्रास दोन्ही गटांत सारख्याच वेगाने उतरला. फरक पुढे दिसला: १२ बैठकांच्या गटात मूडचा पुढचा झटका साधारण ८१ आठवड्यांनी आला, दुसऱ्या गटात ६३ आठवड्यांनी. आजार टळतोच असं यातून सिद्ध झालेलं नाही, आणि तसं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. पण दहावी-बारावीच्या वयात चार-साडेचार महिने जास्तीचे निवांत मिळणं ही लहान गोष्ट नाही.

आमचा क्रम स्पष्ट आहे. आधी झोप, मग घरातलं बोलणं, मग बाकी सगळं. पुष्कळ घरं नेमकी उलटी सुरुवात करतात: आधी अभ्यास, मग मोबाईलवरून भांडण, आणि झोपेचा विचार सगळ्यात शेवटी.

पहिला आठवडा: वंशावळ

एक मोठा कागद घ्या आणि तीन पिढ्या मांडा, आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही. प्रत्येक नावापुढे लिहा: मूडचा त्रास, मेंटल हॉस्पिटलात दाखल झाल्याची हकीकत, आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, दारू, लिथियमसारखी मूड स्थिर ठेवणारी औषधं आणि ती लागू पडली की नाही. आजी-आजोबांना विचारताना ‘बायपोलर होतं का’ असं विचारलं तर उत्तर ‘छे, आपल्याकडे असलं काही नाही’ हेच येणार. त्यांच्या शब्दांत विचारा. कुणी अचानक घर सोडून गेलं होतं का? कुणी रात्र-रात्र जागून भराभर धंदे काढले आणि बुडवले का? कुणी महिनोन्‌महिने खोलीबाहेर येत नसे का? कुणाच्या ‘डोक्यावर परिणाम झाला’ असं म्हणत का? ज्या मामांना सगळे नुसते उधळे म्हणायचे, त्यांच्या उधळेपणाला ठरावीक महिने होते असं कधी कधी इथेच लक्षात येतं.

हा कागद डॉक्टरांसाठी आहे. मूल उदास आहे म्हणून तुम्ही नेलंत आणि घराण्यातला बायपोलर सांगितलाच नाही, तर साधं डिप्रेशनविरोधी औषध सुरू होऊ शकतं. काही मुलांचा मूड अशा औषधाने एकदम वर उडतो. वंशावळ समोर असेल तर डॉक्टर औषध निवडताना सावध राहतात, डोस हळू वाढवतात आणि पहिल्या काही आठवड्यांत लवकर परत बोलावतात. लपवण्याचं कारण आम्हाला कळतं. बडोद्यातला मराठी समाज एकमेकांना ओळखून असतो, आणि मुलीच्या लग्नाचा विचार ती आठवीत असतानाच डोक्यात येतो. पण मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा उपचारांची माहिती गुप्त ठेवायला बांधील करतो. डॉक्टरांपासून मात्र काही लपवू नका.

वयाचा मूड आणि आजाराचा मूड

चौदा वर्षांचं मूल दार आपटतं, उलट बोलतं, रविवारी अकरापर्यंत लोळतं. हे वय आहे. ज्याकडे लक्ष द्यायचं त्याची तीन लक्षणं. बदल मुलाच्या एरवीच्या स्वभावापेक्षा वेगळा असतो. तो ठरावीक काळापुरता येतो आणि जातो. आणि एकट्यादुकट्या गोष्टीने येत नाही, झुंडीने येतो: झोप कमी, बोलणं भराभर, डोक्यात एकाच वेळी दहा बेत, अंगात न मावणारी शक्ती, स्वतःबद्दल अवास्तव मोठेपणा, आणि कुणी अडवलं की आग. डिप्रेशनच्या बाजूला उलट: दोन आठवडे किंवा जास्त काळ कशातच रस नाही, जेवण कमी किंवा जास्त, शाळा नकोशी, ‘माझा काही उपयोग नाही’ अशी भाषा. लहान वयात उदासी पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात दिसते.

वर गेलेल्या मूडच्या तीव्र रूपाला मेनिया आणि सौम्य रूपाला हायपोमेनिया म्हणतात. हायपोमेनिया म्हणायला तो मूड सलग चार दिवस, मेनिया म्हणायला सात दिवस टिकावा लागतो. धोक्यातल्या मुलांत तो पुष्कळदा एखाद-दुसरा दिवस किंवा काही तासच टिकतो आणि घरच्यांना वाटतं, गेलं एकदाचं. अशी छोटी उसळी महिन्यात दोन-तीनदा आली तर तिची नोंद ठेवा.

झोप

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास, तेरा ते अठराच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. झोप कमी होणं हे येणाऱ्या झटक्याचं लक्षणही असतं आणि कारणही, म्हणून पकड इथेच घ्यायची.

परीक्षेमुळे जागणं आणि मूड वर जाऊन झोप उडणं यातला फरक एका प्रश्नात कळतो: सकाळी कसा होता? अभ्यासासाठी जागलेलं मूल पेंगतं, वर्गात डुलक्या देतं, दुपारी आडवं होतं. मूड वर चढलेलं मूल चार-पाच तास झोपून ताजंतवानं उठतं आणि सात वाजता सगळ्यांना आपले बेत सांगत सुटतं. अशा दोन रात्री लागोपाठ आल्या तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा.

नियम बसवताना उठण्याच्या वेळेपासून सुरुवात करा. झोपायची वेळ सक्तीने पाळता येत नाही, उठायची येते. सकाळची शाळा असेल तर सहा, आणि सुट्टीच्या दिवशी जास्तीत जास्त एक तास उशीर. उठल्यावर वीस मिनिटं गच्चीत किंवा अंगणात उजेडात. दुपारी चारनंतर चहा, कोल्ड कॉफी, एनर्जी ड्रिंक नाही. रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन बैठकीच्या खोलीत एकाच चार्जिंग बोर्डवर, आई-बाबांचेही. मोठ्यांचे फोन उशाशी राहिले तर हा नियम आठवडाभरही टिकत नाही. ट्यूशन रात्री नऊला सुटत असेल तर जेवण तिथून आल्यावर लगेच, आणि जेवणानंतर नवा धडा उघडायचा नाही.

आता नवरात्र. बडोद्यात राहून मुलाला गरब्याला जाऊ नको म्हणणं क्रूरपणा आहे, आणि ते चालतही नाही. पण लागोपाठ नऊ रात्री मोठ्या मैदानावर, तिथून सेव-उसळ खायला, घरी दीड-दोन वाजता, सकाळी शाळा किंवा कॉलेज: धोक्यातल्या मुलासाठी वर्षातला सगळ्यात अवघड आठवडा हाच. म्हणून बेत नवरात्राच्या पंधरा दिवस आधी ठरवा, आणि मुलाला बरोबर घेऊन ठरवा. नऊपैकी तीन रात्री मोठं मैदान, त्याही एकाआड एक, आणि जमल्यास दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल अशा. कोणत्या तीन ते मूल निवडेल. बाकीच्या रात्री सोसायटीचा गरबा, अकराला घरी. मैदानाच्या दिवशी दुपारी अर्धा तास झोप, मध्यरात्रीनंतर थंडगार काही नको आणि खाणंही नको, थेट अंथरूण. दुसऱ्या दिवशी उठायला दोन तासांपर्यंत उशीर चालेल. मुलाचे मित्र ‘एवढ्या लवकर?’ म्हणतील, तेव्हा द्यायचं उत्तरही आधीच ठरवून ठेवा. ‘बाबा घ्यायला आलेत’ हे पुरतं, आणि बाबांनी खरंच गेटवर उभं राहायचं.

उपवासाचंही इथेच सांगतो. घरात कुणी लिथियम घेत असेल, मूल किंवा मोठं माणूस, तर निर्जळी उपवास करू नये. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषबाधा होऊ शकते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढतं. उपवास आहे म्हणून कोणतंच औषध चुकवायचं नाही.

गणपतीची विसर्जन मिरवणूक, उत्तरायणाच्या पहाटेपासूनचा पतंग, पुण्या-मुंबईच्या लग्नासाठी रात्रीची गाडी, बोर्डाची परीक्षा: सगळ्यांना हाच हिशेब. झोपेची एक रात्र गेली तर पुढच्या दोन रात्री राखीव.

मूड चार्ट

शंभर पानी वही पुरते. रोज एक ओळ, रात्री दोन मिनिटांचं काम. रकाने असे: तारीख, काल किती वाजता झोप लागली, किती वाजता जाग आली, एकूण तास, दिवसातला सगळ्यात वरचा मूड, सगळ्यात खालचा मूड, औषध घेतलं का, आज विशेष काय. मूडसाठी उणे ३ ते अधिक ३ अशी पट्टी. शून्य म्हणजे या मुलाचा एरवीचा दिवस. मुलींनी पाळीची तारीखही लिहावी.

पट्टीवरच्या आकड्यांना अर्थ मुलानेच द्यायचा, त्याच्या शब्दांत, पहिल्या पानावर. एक नमुना बघा. अधिक १: ‘जोक सुचतात, सगळ्यांना मेसेज करतो.’ अधिक २: ‘बोलणं थांबत नाही, सर ओरडतात, झोप नको वाटते.’ अधिक ३: ‘सगळे माठ आहेत, मलाच कळतं.’ उणे २: ‘आंघोळ नको, डबा परत.’ हे पान एकदा नीट झालं की ‘आज कसा आहेस’ या प्रश्नाला ‘ठीक’ऐवजी खरं उत्तर मिळतं.

वही मुलाची. आई-बाबांनी आपली नोंद वेगळ्या वहीत ठेवायची आणि रविवारी दोन्ही शेजारी ठेवून बघायच्या. आकडे जुळले नाहीत तर वाद घालू नका. मूड वर चढताना मुलाला स्वतःला काही वेगळं वाटत नाही, म्हणून मुलाचा आकडा शून्य आणि आईचा अधिक २ हेच पुष्कळदा पहिलं चिन्ह असतं. वही बंद पडण्याचं एक मोठं कारण असं की भांडणात ती पुरावा म्हणून बाहेर निघते: ‘बघ, मंगळवारी तूच लिहिलंयस.’ एकदा असं झालं की पुढच्या सगळ्या रकान्यांत शून्य दिसतं.

घरातलं बोलणं

घरच्यांची सततची टीका, शत्रुत्व आणि रुग्णात गरजेपेक्षा जास्त गुंतून राहणं यांमुळे आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबाबत प्रथम दाखवलं. पुढे ते मूडच्या आजारांतही दिसलं. १९८० च्या दशकात चंदीगडमध्ये असाच अभ्यास झाला, तेव्हा तिथल्या घरांत टीका लंडनपेक्षा बरीच कमी आढळली. पण जिथे उघड वैरभाव होता तिथे आजार जास्त उलटला. याचा अर्थ घरच्यांमुळे आजार होतो असा मुळीच नाही. आजारी मूल सांभाळताना कुणाचाही तोल जातो, आणि गेलेला तोल मुलाला आणखी ढकलतो. हे चक्र दोन्हीकडून फिरतं.

चार सवयी लावायच्या, आणि याच क्रमाने. एक सवय निदान दोन आठवडे, मग पुढची.

चांगलं दिसलं की नेमकं सांगा. ‘शहाणी आहेस’ याने काही कळत नाही. ‘आज फोन स्वतःहून बाहेर ठेवलास, मला बरं वाटलं’ याने कळतं. दिवसातून एकदा, प्रत्येकाने प्रत्येकाला. पहिले तीन दिवस नाटकी वाटतं, तरी करा.

ऐका. मूल बोलत असताना उपाय सुचवायचा नाही, फक्त ऐकलेलं परत म्हणायचं: ‘म्हणजे सरांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं त्याचा राग आला.’ मराठी आई-बाबांना हे सगळ्यात कठीण जातं, कारण ऐकायला बसलं की सल्ला तोंडावर येऊन थांबलेला असतो.

मागणी करा, आरोप नको. तक्रारीतून काय नको ते कळतं, मागणीतून काय हवं ते.

शेवटी, राग आला तर वागण्याबद्दल बोला, माणसाबद्दल नको. समजा, पंधरा वर्षांची मुलगी रात्री साडेबाराला फोनवर बोलताना ऐकू आली. घरोघरी सकाळी पोहे ढवळता ढवळता निघतं ते असं: ‘तुला कितीदा सांगायचं? कुणाचं ऐकायचंच नाही. अगदी काकांवर गेलीस.’ याऐवजी: ‘काल रात्री साडेबाराला तुझ्या खोलीतून बोलणं ऐकू आलं, तेव्हा मला काळजी वाटली. आज साडेदहाला फोन बाहेर ठेवशील का? उठायला तुलाच सोपं जाईल.’ घडलेली एक गोष्ट, आपल्याला काय वाटलं, काय हवंय, त्याने काय होईल. चार तुकडे, एवढंच. सकाळच्या घाईत नको, संध्याकाळी; आणि मूड अधिक २ च्या वर असेल तर त्या दिवशी मुळीच नको.

‘काकांवर गेलीस’, ‘आईसारखाच होणार तू’ ही वाक्यं घरातून कायमची बंद करा. आजी-आजोबांना, गावाहून येणाऱ्या आत्यालाही हे स्पष्ट सांगा. मुलाच्या मनात ही भीती आधीच असते. ते वाक्य ऐकलं की ती पक्की होते, आणि ज्या काकांचं नाव घेतलं त्यांचाही अपमान होतो.

उलट्या बाजूची चूकही तितकीच महाग पडते. माहिती मिळाल्यावर आई-बाबा पहारेकरी होतात. मूल मित्राबरोबर मोठ्याने हसलं की नजरानजर, गाणं म्हणत आंघोळ केली की ‘झोपला होतास ना नीट?’ मुलाला आनंदाचीच भीती बसते. लक्षणं बघायची ती झुंडीने. एकट्या हसण्याला हसणंच म्हणायचं.

रविवारची बैठक

दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास, जेवणाआधी, टीव्ही आणि फोन बंद. एका वेळी एकच प्रश्न. पायऱ्या कागदावर लिहा. प्रश्न एका वाक्यात, सगळ्यांना मान्य होईल असा. मग सुचतील ते सगळे उपाय, वेडगळसुद्धा, न हसता. मग प्रत्येकाचे फायदे-तोटे. मग एक निवडायचा, कोण काय कधी करणार ते ठरवायचं, एक आठवडा करून बघायचा आणि पुढच्या रविवारी पहिलं काम त्याचा हिशेब.

दहावीचं वर्ष, ट्यूशन नऊला सुटते, शाळेचा गृहपाठ एकपर्यंत चालतो. ‘तुझं टाइम मॅनेजमेंट चुकतंय’ हा प्रश्न नव्हे, तो आरोप आहे. ‘आठवड्यातले चार दिवस झोप सहा तासांपेक्षा कमी होते’ हा प्रश्न. उपाय निघतात: दुपारची बॅच, एक विषय घरी, शनिवारची टेस्ट सोडणे, ट्यूशन घराजवळ, गृहपाठाबद्दल वर्गशिक्षकांशी बोलणे. लिहा आणि निवडा. उपाय फसला तर दुसरा घ्या. पहिला फसणं हे नेहमीचंच आहे. मात्र आई-बाबांचं आपसात जमत नसेल तर ते बैठकीआधी मिटवून या. एकाने हो आणि दुसऱ्याने नाही म्हटलं की मूल बरोबर मधून निसटतं.

धाकट्या भावंडाला बैठकीत जागा हवी. त्याच्या वाट्याचा वेळ आणि लाड आटलेले असतात, आणि धोका त्यालाही तेवढाच आहे.

धोक्याचा कागद

मूल बरं असताना एक पान तयार करा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. फ्रिजवर नको, येणारे-जाणारे वाचतात. पानावर तीन भाग.

पहिल्या भागात या मुलाची सुरुवातीची चिन्हं, अगदी त्याची म्हणून असलेली: एकदम पाच क्लास लावायचे म्हणतो, जुन्या मित्रांना रात्री अकराला फोन करते, कपाट रात्री उपसून लावते. यांतली दोन दिसली तर तीन दिवस जादा काही नाही, फोन नऊला बाहेर, रविवारची वाट न बघता बैठक.

दुसऱ्या भागात डॉक्टरांना फोन कधी: दोन रात्री पाच तासांहून कमी झोप आणि तरी ताजंतवानं, किंवा आठवडाभर शाळेत जायला नकार. कोण फोन करणार त्याचं नाव लिहा. ‘कुणीतरी करेल’ म्हटलं की कुणीच करत नाही.

तिसरा भाग त्याच दिवशी हॉस्पिटलचा: न दिसणारं दिसणं-ऐकू येणं, घर सोडून जाणं, अंगावर धावणं, मरणाची भाषा. मरणाबद्दल थेट विचारा: ‘जगणं नकोसं झालंय का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बोलता आल्याने सुटका वाटते. उत्तर ‘हो’ असेल तर मुलाला एकटं सोडायचं नाही. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लागतो, पैसे पडत नाहीत. तातडीला १०८ ॲम्ब्युलन्स किंवा ११२.

आपल्या घरात एक खास धोका आहे आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: आजारी मोठ्या माणसाच्याच गोळ्या. लिथियमचा जास्त डोस जीवघेणा ठरू शकतो. महिन्याच्या गोळ्या कुलपात, बाहेर फक्त आठवड्याचा डबा, तोही मोठ्यांच्या ताब्यात. उंदराचं औषध, ॲसिड, कीटकनाशक घरात ठेवूच नका.

बडोद्यात कुणाकडे जायचं

सयाजीराव जनरल हॉस्पिटलचा, म्हणजे एसएसजीचा, मानसोपचार विभाग आणि कारेलीबागेतलं सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय ही दोन सरकारी दारं. खाजगी डॉक्टर निवडताना एमडी सायकिअ‍ॅट्री बघा, आणि थेरपीसाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. फॅमिली-फोकस्ड थेरपी याच नावाने मिळेलच असं नाही. नाव सोडा, पहिल्या भेटीत असं विचारा: सगळ्या घराला एकत्र बसवाल का? आजाराची माहिती, बोलण्याचा सराव आणि प्रश्न सोडवणं या तिन्हींसाठी मिळून बारा बैठका देता येतील का, पहिल्या आठ दर आठवड्याला आणि पुढच्या चार पंधरा दिवसांनी? मराठीत बोलता येईल का? आजी गुजराती समजते पण मनातलं मराठीतच बोलते, हे सांगायला लाजू नका.

बरोबर न्यायचं: वंशावळ, दोन आठवड्यांची वही, घरातल्या आजारी माणसाच्या औषधांची चिठ्ठी, मुलाने आजवर घेतलेली औषधं. दम्यासाठी किंवा त्वचेसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर तेही; त्यांनी मूड हलतो. थायरॉइडची तपासणी बहुधा सांगतील. गांजा किंवा दारूची शंका असेल तर ते मुलासमोर नको, वेगळं सांगा. मुलीला व्हॅल्प्रोएट (मूड स्थिर ठेवणारं एक औषध) लिहून दिलं तर पुढच्या गर्भारपणातल्या धोक्याबद्दल डॉक्टरांना विचाराच.

भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक उपचाराविना आढळले. म्हणून मुलाच्या आधी मोठ्यांचं बघा: घरातल्या ज्या माणसाला आजार आहे त्याचे उपचार नियमित चालू आहेत का? वडिलांनी लिथियम मध्येच सोडलेलं असताना मुलाच्या बारा बैठका करणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. त्या माणसाने बैठकीला यावं आणि आपला अनुभव मुलाला स्वतः सांगावा: सुरुवात कशी झाली, काय लपवलं, कशाने बरं वाटलं. ‘माझ्यामुळे पोराला झालं’ हे ओझं त्यांच्या मनावर असतं. त्यावर बोलायला थेरपिस्टकडे एक बैठक त्यांच्यासाठी वेगळी मागा.

शाळेत एकाच शिक्षकांना सांगा, आणि आजाराचं नाव न घेता: ‘डॉक्टरांनी झोप सांभाळायला सांगितलंय, वागण्यात बदल दिसला तर आम्हाला कळवा.’

चार महिन्यांनंतर वही चालू राहील, बैठक महिन्यातून एकदा. थेरपिस्टकडे दर तीन महिन्यांनी एक फेरी, शिवाय नवरात्राआधी आणि बोर्डाच्या परीक्षेच्या दोन महिने आधी एकेक जादा. बारावीनंतर मूल होस्टेलला जाणार असेल तर सहा महिने आधीपासून वही, गोळ्या आणि डॉक्टरांची वेळ घेणं ही कामं त्याच्या हाती द्या आणि तुम्ही फक्त बघा. अठरा पूर्ण झाल्यावर उपचारांचा निर्णय कायद्याने त्याचा असतो. आजारात आपल्या वतीने कोण बोलेल हे तो लेखी नेमून ठेवू शकतो. मूल बरं असतानाच हा विषय रविवारच्या बैठकीत काढा.